पर्थ ते कोग्गला: १९४३ चं उड्डाण दोऱ्याने पुन्हा कसं उडवावं

एक ग्लोब लागेल. शाळेच्या कपाटातला, स्टँड मोडलेला असला तरी चालेल; फक्त कुठे चेपलेला नको. शिवणाचा दोरा, साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर, एक वही आणि मोकळी दुपार. एवढ्यावर १९४३ सालचं एक विमान आपण पर्थच्या नदीतून उठवून सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, तळ्यात उतरवणार आहोत.

विमान कोणतं ते आधी थोडक्यात. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हवाई रस्ता मधेच तुटला. त्या रस्त्यावर पाण्यात उतरणाऱ्या उडत्या बोटी प्रवासी नेत असत. जपान्यांनी त्यातल्याही काही पाडल्या. उरला तो हिंदी महासागर, आणि तोही मधे कुठे न टेकता. क्वांटास कंपनीकडे त्यासाठी पाच कॅटालिना बोटी आल्या. २९ जून १९४३ ला कॅप्टन रसेल टॅप 'अल्टेअर स्टार' घेऊन पर्थहून पहिल्यांदा निघाला. जुलै १९४५ मध्ये ही सेवा थांबली, तोवर महासागर २७१ वेळा ओलांडून झाला होता. एकही बोट बुडाली नाही, पाडली गेली नाही. एका खेपेला २७ ते ३२ तास लागत; सर्वात लांबलेली खेप ३२ तास ९ मिनिटांची. आजची सगळ्यात लांब नियमित उड्डाणं १९ तासांच्या आसपास संपतात. या खेपेत प्रवाशाला सूर्योदय दोनदा दिसायचा, म्हणून तिला 'डबल सनराइज' म्हणायचे. उतरल्यावर 'सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज' असं छापलेलं प्रमाणपत्रही हातात पडायचं.

मी २६ वर्षं मालवाहू बोटींवर काढली, त्यातली बरीचशी नेव्हिगेशन सांभाळत. त्यामुळे 'उडती बोट' म्हटलं की मला पंखांपेक्षा आधी बोट दिसते. आणि कुठलीही सफर कळायची असेल तर तिची वर्णनं वाचत बसू नये, स्वतः कोर्स आखावा, हे माझं जुनं मत. भाचीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हे उड्डाण आम्ही दोघांनी वहीत उडवलं. पहिल्या दिवशी मी तोंडावर आपटलो, तेही सांगतो.

पहिलं काम अंतर. ग्लोबवर पर्थ शोधा. दुसरं टोक कोग्गला, श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉलच्या जवळ. ग्लोबवर नाव नसेल. बेटाच्या खालच्या टोकाला पेन्सिलीने ठिपका द्या. तिथे समुद्राला लागून एक मोठं तळं आहे, युद्धात तिथे ब्रिटिश हवाई दलाच्या उडत्या बोटींचा तळ होता. दोरा दोन्ही ठिपक्यांवर धरून ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वात जवळचा रस्ता पकडतो, त्याला आम्ही ग्रेट सर्कल म्हणतो. आता चिमटीतला तेवढाच दोरा न सोडता विषुववृत्तावर ठेवा आणि किती अंश भरतात ते मोजा. स्केल-बिल काही लागत नाही. साधारण ५१ अंश यायला हवेत. ग्रेट सर्कलवरचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. गुणा.

दोऱ्यावर भरवसा नसेल तर कॅल्क्युलेटर. पर्थ ३१.९८ दक्षिण, ११५.८२ पूर्व, कोग्गला ५.९९ उत्तर, ८०.३२ पूर्व. दक्षिण अक्षांशाला वजा चिन्ह द्यायचं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या, म्हणजे ३५.५ अंशांच्या कोसाइनने गुणा. मग दोन्ही उत्तरं मिळवा. ०.६३१५ येतं. त्याचा उलटा कोसाइन ५०.८४ अंश. ६० ने गुणलं की ३,०५० नॉटिकल मैल. किलोमीटरमध्ये ५,६५०.

इथेच मी आपटलो. या रस्त्याचं अंतर अनेक ठिकाणी '३,५१३ नॉटिकल मैल, सुमारे ६,५०० किलोमीटर' असं छापलेलं सापडतं. छापलेलं आहे म्हणून पहिल्या दिवशी मी तेच वहीत उतरवलं, दोरा काढलाच नाही. मग वेगाचा हिशेब मांडला. २८ तासांत ३,५१३ नॉटिकल मैल म्हणजे १२५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). कॅटालिनाचा निवांत चालण्याचा वेग पुस्तकात ताशी १२५ मैल दिलेला असतो, साधे मैल, म्हणजे १०९ नॉट. वेळ जमेना, पेट्रोल जमेना. संपूर्ण महासागरभर पाठीवर सोळा नॉटचा वारा कल्पावा तर परतीच्या खेपेला तोच वारा तोंडावर येणार, आणि परतीचे तासही याच पट्ट्यातले. भाची म्हणाली, "मामा, तू मोजलंस का, की नुसतं लिहिलंस?"

मग दोरा काढला. ३,०५० नॉटिकल मैलांचे साधे मैल केले, १.१५०८ ने गुणून. ३,५१०. छापील आकड्याशी तीन मैलांचा फरक. एवढा मेळ योगायोगाने बसत नाही. मूळ आकडा साध्या मैलांचा असणार, पुढे कुणीतरी त्याला 'नॉटिकल' चिकटवलं आणि पुढच्याने त्याचेच किलोमीटर केले. विमान कागदावर साडेचारशे नॉटिकल मैल जास्त उडत राहिलं. तेव्हा पहिला नियम: आकडा कुठूनही घ्या, त्याच्यावर आधी दोरा धरा.

आता वेग आपोआप जुळतो. ३,०५० भागिले १०९, उत्तर २८ तास. अगदी तेवढेच. ३२ तास ९ मिनिटांनी भागा, ९५ नॉट येतात. म्हणजे त्या खेपेला वाऱ्याने सरासरी १४ नॉट खाल्ले असं धरायला हरकत नाही. २७ तासांनी भागा, ११३ येतात. वाऱ्याने चार नॉटचा हातभार लावला. या समुद्रात माझंही बरंच आयुष्य गेलंय. पर्थ सोडून वर आलात की आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा पाठीवर असतो, विषुववृत्ताच्या अलीकडे तो मरतो, आणि जुलै असेल तर सिलोनच्या बाजूला नैऋत्य मोसमी वारा डाव्या बाजूने ढकलायला लागतो. वहीत रस्त्याचे तीन तुकडे करा, प्रत्येकाला वेगळा वारा द्या. एकच सरासरी वारा लावून मोकळे होऊ नका; त्यात मजा राहत नाही.

पेट्रोल. मला या उड्डाणाचा सगळा जीव यात दिसतो. या बोटींत जास्तीच्या टाक्या बसवून साधारण २,००० ब्रिटिश गॅलन पेट्रोल भरत, म्हणजे ९,१०० लिटर, वजनाने साडेसहा टन. आणि भरलेल्या बोटीचं वजन उठताना १६ टन. म्हणजे दर पाच किलोतले दोन किलो पेट्रोलच. वजन वाचवायला आतलं थंडी-आवाज अडवणारं अस्तर काढलं, बर्फ झाडायची यंत्रणाही काढली. एवढं करून जागा किती उरली? तीन प्रवासी आणि ६९ किलो टपाल. वहीत लिहा: एका प्रवाशामागे दोन टनांहून जास्त पेट्रोल. आमच्या बोटीवर कुणी असा हिशेब मांडला असता तर मालकाने त्याला त्याच बंदरात उतरवलं असतं.

पुढचा भागाकार आणखी बोलका आहे. सर्वात लांबलेली खेप ३२ तास ९ मिनिटांची, आणि ती पोचली. म्हणजे २,००० गॅलन तेवढे तास पुरलेच. भागा: तासाला फार तर ६२ गॅलन, २८० लिटरच्या आसपास, दोन्ही इंजिनांचं मिळून. ही १,२०० अश्वशक्तीची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं. पूर्ण जोरात ती याच्या कितीतरी पट पितात. तेव्हा वैमानिक रात्रभर काय करत असणार ते दिसायला लागतं: पंख्याचे फेरे कमी ठेवायचे, पेट्रोल-हवेचं मिश्रण जितकं पातळ करता येईल तितकं करायचं आणि तासातासाला पेट्रोलचा आकडा वहीत मांडायचा. तुम्हीही मांडा. दोन रकाने करा, एकात उडालेले तास, दुसऱ्यात उरलेलं पेट्रोल आणि बोटीचं वजन. या रकान्यात एक जागा शोधायची असते. सुरुवातीचे काही तास बोट इतकी जड असते की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ती उंची राखू शकत नाही. पेट्रोल जळत जातं तसा धोका हलका होत जातो. म्हणजे घरापासून जितकं लांब तितकं बरं, हे उलटं गणित. मला जहाजावर असं कधी करावं लागलं नाही.

नदीतून उठण्याबद्दल थोडं रेंगाळतो, कारण हे विमानवाल्यांपेक्षा पाण्यावरच्या माणसाला लवकर कळतं. पर्थच्या स्वान नदीचं पात्र शहरापाशी सरोवरासारखं पसरतं, तिथल्या मटिल्डा उपसागरातून या बोटी निघत. उडत्या बोटीच्या बुडाला मधोमध एक पायरी असते. सुरुवातीला बोट नाक वर करून पाणी नांगरत जाते, साध्या जड होडीसारखी. वेग वाढला की ती स्वतःच्या लाटेवर चढते आणि त्या पायरीवर घसरायला लागते; तिथून पुढे पाण्याची पकड सुटते. आता तुम्हाला वाटेल आरशासारखं शांत पाणी म्हणजे उत्तम. उलट. शांत पाणी बुडाला चिकटून राहतं. थोड्या लाटा असल्या की बुडाखाली हवा शिरते आणि बोट सुटते. ओल्या काचेवर ठेवलेली दुसरी काच उचलून बघा, मग खडबडीत फरशीवरून उचला. १६ टनांची बोट, वाऱ्याची झुळूक नाही, पाणी तेलासारखं सपाट: वैमानिकाच्या डोक्यात काय चाललं असेल ते त्या काचेत कळतं.

मग सूर्य. दोन सूर्योदयांचा हिशेब भाचीने आधी असा केला: रेखांशाचा फरक ३५.५ अंश, १५ अंशांना एक तास, म्हणजे २ तास २२ मिनिटं. पश्चिमेला जातोय, सूर्य उशिरा. २४ तासांत मिळवले, २६ तास २२ मिनिटं. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. तारीख विसरली. जून-जुलैत पर्थला हिवाळा. तिथे सूर्य स्थानिक वेळेने सातला उगवतो. कोग्गला विषुववृत्ताजवळ, तिथे पावणेसहाच्या थोडं पुढे. सव्वा तास जवळजवळ वजा झाला. पर्थच्या सूर्योदयापासून कोग्गलाच्या दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत मधे २५ तास १० मिनिटं जातात. २८ तासांचं उड्डाण पहाटे, सूर्य वर यायच्या आत निघालं तर दुसरा सूर्योदय हवेतच होतो, आणि त्यानंतर तीनेक तासांनी खाली तळं दिसतं.

डिसेंबरची खेप करून बघा. पर्थला उन्हाळा, सूर्य स्थानिक वेळेने पाचच्याही आधी, कोग्गलाला सहानंतर. सव्वा तास आता मिळवायचा: २७ तास ३७ मिनिटं. अठ्ठावीस तासांच्या खेपेत दुसरा सूर्योदय उतरायच्या जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आधी येतो. भाचीचा प्रश्न होता की वारा पाठीवर असून २७ तासांतच पोचलो तर प्रमाणपत्र द्यायचं की नाही. मी म्हटलं, त्याआधी अंधारात तळ्यावर उतरायचं कसं ते बघ. परतीचा हिशेब सोपा आहे, सूर्य समोरून येतो: जुलैत २२ तास ५० मिनिटं, डिसेंबरमध्ये २० तास २३.

सूर्योदयाची ही कसरत प्रमाणपत्रासाठी नव्हती. १९४२ पासून अंदमान-निकोबार जपान्यांच्या ताब्यात होतं, सुमात्राही. त्यांच्या विमानांच्या टप्प्यातला भाग अंधारात कापायचा, हा बेत. पहाटे निघालेल्या बोटीचा सूर्यास्त वहीत मांडा: साधारण पावणेबारा तासांनी, १,२७५ नॉटिकल मैलांवर. तिथून साडेतेरा तास अंधार. आता दोऱ्याचा मध्यबिंदू काढा, १,५२५ मैलांवर: १३.६ दक्षिण, ९६.६ पूर्व. ग्लोबवर तिथे बोट ठेवा. बोटाखाली, नव्वदेक मैल उत्तरेला, कोकोस बेटं. एवढ्या पाण्यात तेवढीच जमीन, आणि ती बरोबर मध्यावर, रात्री. तिथे ब्रिटिशांचं तारायंत्राचं केबल स्टेशन होतं. जपान्यांनी त्यावर तोफा डागल्यावर ते निकामी झालंय असं भासवून गुपचूप चालू ठेवलेलं. वरून जाणाऱ्या बोटीनेही तोंड उघडायचं नाही. वायरलेसवर हवामानाचे निरोप ऐकायचे, बोलायचं नाही.

मग अंधारात, मुक्याने, रस्ता कसा शोधायचा? ताऱ्यांनी. पाच बोटींची नावंच रस्ता दाखवणाऱ्या ताऱ्यांवरून ठेवलेली: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. पंचांग उघडलेल्या माणसाला ही परकी वाटायचं कारण नाही. श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा. (युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या लेंड-लीज, म्हणजे युद्धापुरतं उसनं देण्याच्या, करारामुळे या बोटी पुढे वापरता आल्या नाहीत. चार पर्थसमोर रॉटनेस्ट बेटाजवळ समुद्रात बुडवल्या, अल्टेअर सिडनीकडे. श्रवण नक्षत्र समुद्राच्या तळाशी, असं भाचीने प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं, मी खोडलं नाही.)

ताऱ्याची उंची सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने मोजतात. जहाजावर आम्ही ती क्षितिजापासून मोजतो. रात्री विमानातून क्षितिज दिसत नाही, म्हणून विमानाच्या सेक्स्टंटमध्ये पाणसळीसारखा बुडबुडा असतो. उंचीत एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली की जागेत एका नॉटिकल मैलाची चूक. आणि घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तापाशी तेवढीच. कॅडेट असताना एका बोटीवर मी क्रोनोमीटरची, म्हणजे जहाजाच्या अचूक घड्याळाची, २४ सेकंदांची चूक वजा करायची ती मिळवली. एकूण ४८ सेकंद, बोट नकाशावर १२ मैल बाजूला सरकली. आमच्याकडे रडार होतं, शिव्या खाऊन सुटलो. कॅटालिनाच्या नेव्हिगेटरची चूक सकाळी कळायची, उरलेल्या पेट्रोलच्या आकड्याशेजारी. होकायंत्राचंही करून ठेवा: एक अंश कोर्स चुकला तर साठ मैलांना एक मैल, म्हणजे ३,०५० मैलांना ५१. कोर्सही एकच नसतो; उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर दोरा ३१२ अंशांवर निघतो आणि ३२१ वर पोचतो. दर पाच अंश रेखांशाला वहीत नवा कोर्स लिहा.

आता रात्र अशी उडवा. तारीख २९ जून. सूर्य मावळून अंधार पडला की चित्रा जवळजवळ डोक्यावर, ज्येष्ठा पूर्वेकडे वर आलेली. प्रत्येक ताऱ्याच्या उंचीवरून नकाशावर एक रेषा मिळते. दोन ताऱ्यांच्या दोन रेषा, जिथे छेदतात तिथे तुम्ही. पाऊण तासात ईशान्येला अभिजित उगवतो. इतक्या दक्षिणेला तो फार वर येत नाही. आणखी थोड्या वेळात श्रवण. हे चार रात्रभर पुरतात, तासाला एक साइट, म्हणजे ताऱ्याची एक मोजणी, धरा आणि प्रत्येकीशेजारी उरलेलं पेट्रोल लिहा. राजन्य मात्र दिसत नाही. त्याच्यासाठी पहाटेपर्यंत थांबायचं. बोटीच्या मागच्या बाजूला काचेचे दोन फुगे आहेत, त्यातला उजवीकडचा धरायचा आणि मागे, पूर्वेला बघत राहायचं. तो आला की पुढची साइट घाईने घ्या, कारण दीडेक तासात त्याच्याच मागून सूर्य येतो, त्या प्रवासातला दुसरा. त्या वेळी विषुववृत्त तुमच्या थोडं मागे आणि कोग्गला अजून सव्वातीनशे मैल पुढे असेल. जळालेलं पेट्रोल वजा करा, तीन तास पुरतं का बघा, आणि पुरत असेल तर वहीत उतरण्याची वेळ लिहा.